आंबोलीची रात्रीची बेडूकफेरी: ऑगस्टात जाऊन जूनमधला बेडूक मागू नका

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच. आधी या फेरीबद्दल हमखास ऐकू येणारी तक्रार निकालात काढते. "एवढे पैसे भरले, भिजलो, जळवा लागल्या आणि आंबोली टोड काही दाखवला नाही." अशा माणसाला तारीख विचारा. बहुतेक वेळा पंधरा ऑगस्टच्या जोडसुट्टीतली निघते. आंबोली टोड म्हणजे फक्त इथेच सापडणारा, पावसाच्या सुरुवातीला दिसणारा छोटा बेडूक. तो ऑगस्टात मागणं म्हणजे दिवाळीत हापूस मागणं. वाटाड्याचा त्यात काही दोष नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायचे. आमच्या पिढीला बेडूक भेटला तो मेणाच्या ट्रेमध्ये, हातापायांत टाचण्या टोचून उताणा पडलेला. त्याचं हृदय कुठे आणि यकृत कुठे हे झोपेतही सांगता येतं, पण जानेवारीत तो नेमका कुठे असतो हे आम्हाला कुणी शिकवलं नाही आणि आम्हीही पुढे कुणाला शिकवलं नाही. निवृत्तीनंतर ही फेरी धरली ती त्यासाठी. म्हणून ती एकाच ऋतूत करून थांबले नाही. मृगात, म्हणजे जूनमध्ये गेले, पुष्य सरता सरता, ऑगस्ट लागताना गेले आणि हस्तात, ऑक्टोबरच्या तोंडावरही गेले.

व्यवस्था अशी: आंबोलीहून चौकुळच्या वाटेवर एक घरगुती मुक्काम आहे, फेरी तेच लोक नेतात. रात्रीचं जेवण आटोपून साधारण आठला निघायचं, अकराच्या आसपास परत. फेरीचे माणशी नऊशे रुपये, गमबूट नसतील तर ते पन्नास रुपये भाड्याने मिळतात. राखीव जंगलात रात्री शिरायचं नाही, वाट वाडी, शेतं, सडा (म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा जांभा) आणि रस्त्याची कड यांतूनच. फेरी नेणारा मुलगा गावातलाच, घरची भातशेती. त्याच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही असते आणि ती नक्षत्रांवर लावलेली आहे. मृगाच्या पानावर सडा, आर्द्राच्या पानावर शेतं आणि बांध, पुष्य-आश्लेषाला झाडी आणि पाण्याच्या टाक्या, हस्ताला ओढा. कुठल्या आठवड्यात कुठे काय दिसलं हे त्याने कित्येक पावसाळे लिहून ठेवलंय. माझ्या मते नऊशे रुपये या वहीचे आहेत. बेडूक दाखवणारे आंबोलीत पुष्कळ सापडतील. बेडूक कधी घर बदलतो हे सांगणारा मला हाच भेटला.

आता मृगाबद्दल, कारण ती रात्र सगळ्यात भरलेली होती.

आंबोली समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, आणि वर्षाचा पाऊस सात हजार मिलिमीटरच्या घरात. पण हे सगळं पाणी चार महिन्यांत पडून जातं.  मे महिन्यात सड्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. पहिले दोन-तीन जोरदार पाऊस झाले की त्याच खडकाच्या खळग्याखळग्यांत पाणी साठतं. कुठे परातीएवढं, कुठे नुसतं ओंजळभर. वरून पाहणाऱ्याला ही डबकी म्हणजे काहीच वाटत नाही, आणि अख्ख्या जगात फक्त आंबोलीच्या परिसरात सापडणारा हा टोड नेमका त्यांच्याचसाठी बाहेर येतो. जेमतेम ३-४ सेंटिमीटरचा जीव, अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे. शास्त्रज्ञांनी त्याला वेगळी जात म्हणून नाव दिलं २००९ मध्ये, झँथोफ्राइन टायगरिना. त्याचा एकुलता एक भाऊबंद कोयनेच्या बाजूला राहतो. धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत आंबोलीवाला 'अतिसंकटग्रस्त' या रकान्यात आहे.

मुलाने आम्हाला सड्याच्या कडेलाच थांबवलं. सगळ्यांचे टॉर्च बंद. मग एकेकाने त्याच्या पावलावर पाऊल ठेवून पुढे यायचं, डबक्यात पाय पडता कामा नये. आठच जण होतो म्हणून हे जमलं. त्याने आपला टॉर्च बोटांआडून मंद करून तिरका धरला आणि एका खळग्याच्या काठावर पिवळा नर दिसला. शेजारच्या खळग्यात जोडी होती. आपल्या अंगणातला साधा टोड जेलीच्या लांबलचक माळांत हजारोंनी अंडी घालतो. हा मात्र मोजकीच घालतो, तीही उथळ पाण्यात खडकाला चिकटवून. एवढ्याशा पाण्यात का? तिथे मासा नाही, पाणी उथळ म्हणून लवकर कोमट होतं आणि टॅडपोल भराभर वाढतो. मोठा धोका, पावसाने दडी मारली तर.

तो धोकाही पाहायला मिळाला. आदल्या आठवड्यात पाऊस थांबला होता. कडेचा एक खळगा आटून तळाला नुसता चकचकीत पापुद्रा राहिलेला.

"ह्यांचा संपला, बाई," मुलगा म्हणाला. "आता पुढच्या सरीला दुसरी घालतील तीच खरी."

"आणि सर आलीच नाही तर?"

"तर पुढच्या वर्साक."

अंडी घालायचा हा सोहळा पावसाच्या सुरुवातीला होतो आणि उरकतो. त्यानंतर हा टोड सड्यावरच असतो, पण दगडांखाली आणि जांभ्याच्या चिरांत. ऑगस्टातले लोक त्याच्याच डोक्यावरून गमबूट आपटत जातात आणि दिसला नाही म्हणून रागावतात. दगड उलटून शोधायचा, असंही काही जण सुचवतात. हा मुलगा दगड उलटत नाही. त्याला त्याबद्दल वेगळा अर्धा तारा देता आला असता तर दिला असता. उलटलेला दगड पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही. खालची ओल उडते, आणि तिथे एकटा टोड नसतो. देवगांडूळही असतं. गांडुळासारखं दिसणारं, पण पाठीचा कणा असलेलं, बेडकाच्या नात्यातलं. आंबोलीच्या देवगांडुळाची एक जात २००३ मध्ये नोंदवली गेली.

सड्यावरून उतरून शेताच्या बांधावर आलो तर डराँव-डराँवने कान बसले. तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या चिखलात मोठे नर बेडूक, लिंबासारखे पिवळे, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवत एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. हा आमचा ट्रेमधला बेडूक. आम्ही राना टायग्रिना शिकवायचो, आता त्याला होप्लोबॅट्रॅकस टायगरिनस म्हणतात. वर्षाचा मोठा भाग तो जमिनीखाली काढतो आणि पहिल्या मोठ्या पावसाला बाहेर येऊन हा रंग अंगावर चढवतो. प्रयोगशाळेत आलेला एकही असा नव्हता. ट्रेमध्ये सगळे मळकट हिरवे. मी तिथे किती वेळ उभी राहिले कुणास ठाऊक, मुलाने दोनदा "चला बाई" म्हटलं. बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीवर आपल्याकडे १९८७ मध्ये बंदी आली, पण घाटाखाली गोव्यात 'जंपिंग चिकन' या नावाने तो आजही चोरून खाल्ला जातो. पकडणाऱ्यांना सोपं जातं, कारण विणीच्या रात्री तो ओरडून स्वतःचा पत्ता देतो.

ऑगस्टात माझ्यासोबत जाऊबाई होत्या. त्यांना बेडकाची किळस, पण आंबोलीचा धबधबा आणि मक्याचं कणीस या आमिषावर आल्या होत्या. त्या रात्री सड्यावर मुलाने आम्हाला नेलंच नाही, वाडीच्या मागे नेलं. एका घराच्या परसात सिमेंटची उघडी टाकी, तिच्यावर वाकलेली फांदी, आणि पानांना चिकटलेले पांढरे फेसाचे गोळे.

"साबण कुणी सांडला इथं?" जाऊबाई.

ती मलबारी उडत्या बेडकाची घरटी. मादी अंगातून स्राव सोडते आणि पाय मारून मारून त्याचा फेस घोटते, त्यात अंडी. बाहेरचा थर सुकतो, आतला ओला राहतो. आठवड्याभराने पिल्लं फेस विरघळवून पावसाबरोबर खाली टपटपतात, म्हणून खाली पाणी हवंच. हे बेडूक एरवी उंच झाडांवर असतात, बोटांमधले पडदे पसरून एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जातात, जमिनीवर येण्याचं त्यांना काही कारण नाही. खाली आणते ती वीण. त्या घरच्या आजी सप्टेंबर सरेपर्यंत टाकी घासत नाहीत. त्याबद्दल फेरीवाले त्यांना हंगामाअखेर काहीतरी देतात असं कळलं. असं होत असेल तर बरंच आहे.

पुढे कारवीच्या झुडपात टिक-टिक-टिक असा आवाज, जुन्या टंकलेखन यंत्राचा वाटावा असा. नखाएवढा झुडूपबेडूक. जूनमध्ये सड्यावर पाण्यासाठी चालते ती सगळी धावपळ याला लागू नाही. याच्या अंड्यातून टॅडपोल निघतच नाही, थेट इवलासा बेडूक बाहेर येतो. त्याला डबकं नको, ओढा नको, पानांची ओल पुरते. म्हणजे एकाच डोंगरावर एकाला ओंजळभर पाणी हवं, एकाला टाकी, एकाला नुसतं धुकं. सड्याच्या शेजारी झाडी, झाडीखाली शेत, शेताच्या खाली ओढा हे सगळं चालत जाण्याच्या अंतरात आहे म्हणून एवढ्या जाती इथे आहेत. यातला एक तुकडा काढला की त्या तुकड्यावर अवलंबून असलेला ऋतूच जातो. चौकुळच्या बाजूला आणि खाली कोकणातही सड्यावर माती पसरून काजू-आंब्याच्या बागा उठताहेत. सुटे दगड गोळा करून गडगे घातले जातात. कोकणातल्या सड्यांवर अभ्यासकांनी उघडे सडे आणि बागा यांची तुलना केली, तेव्हा काही जातींचे बेडूक बागांमध्ये कमी आढळले. शेतकऱ्याला नावं ठेवत नाही, सड्याकडे पडीक म्हणूनच बघायला सगळ्यांनी शिकवलंय.

फेरीतला मला सगळ्यात आवडलेला भाग मात्र रस्त्याकडेच्या कातळाचा, जिथे बाकीचे लोक मोबाइल बघत उभे होते. घाटासाठी तासलेली भिंत, तिच्यावरून पाण्याचा पातळ पापुद्रा सतत ओघळणारा. त्यावर चिकटलेले काळपट टॅडपोल. पाण्यात नाहीत, भिंतीवर! इंडिराना या बेडकांची पिल्लं अशी ओल्या कातळावर वाढतात, शेवाळ खरवडतात, शेपटीने उड्या मारतात. या गटातली चिरवासी नावाची एक जात २०१४ मध्ये आंबोलीतूनच नोंदवली गेली. प्रौढ बेडूक जांभ्याच्या भेगांत. वर्गात मी 'टॅडपोल हा जलचर' असं फळ्यावर लिहून दोन रेघा ओढायचे. त्याच भिंतीपाशी एका फांदीवर हिरवा चापडा हा विषारी साप वेटोळं घालून बसला होता, बेडकांच्याच आशेने. जाऊबाई त्याच्याकडे शांतपणे बघत होत्या. "हा बरा," म्हणाल्या, "हा उडी मारत नाही."

आता कापलेला तारा.

ऑगस्टच्या त्या रात्री गटात अठरा लोक होते. अठरा टॉर्च, त्यातले निम्मे मोटारीच्या दिव्याइतके प्रखर. मुलाचा आवाज मागच्यांपर्यंत पोचत नव्हता. एका कॅमेरावाल्याने उडता बेडूक हाताने उचलून 'जास्त चांगल्या' पानावर ठेवला. मुलाने हटकलं, पण गिऱ्हाइकाला हटकावं तसं, अर्ध्या आवाजात. हातावर डास पळवायचं मलम असतं आणि बेडूक कातडीतून श्वास घेतो, पाणीही कातडीतूनच पितो. हे निघण्यापूर्वी अंगणातच ठणकावून सांगायला हवं, आणि ते मालकाने सांगायला हवं, नोकरीवरच्या मुलावर सोडू नये. जूनमध्ये आठ आणि ऑगस्टात अठरा, या फरकाचं कारण सुट्टी आहे, दुसरं काही नाही. अठरा माणसं जर कधी मृगाच्या सड्यावर नेली तर डबक्यांचं काय होईल ते सांगायला नको.

दुसरं म्हणजे यांची व्हॉट्सअॅपवर फिरणारी जाहिरात. एकाच चित्रात पिवळा टोड, फेसावर बसलेला उडता बेडूक आणि खाली 'एका रात्रीत आंबोलीचा खजिना'. ज्यांच्या खिशात नक्षत्रांची वही आहे त्यांनी असली जाहिरात करावी? वहीचंच एक पान छापा की. कुठल्या पंधरवड्यात काय दिसण्याची शक्यता आहे एवढं लिहिलं तर निम्म्या तक्रारी बंद होतील, आणि जूनचे रिकामे दिवसही भरतील.

जेवणाबद्दल फार नाही. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सोलकढी. गरम मिळालं. अंथरुणं दमट होती, पण आंबोलीत पावसाळ्यात कोरडं अंथरूण मागणाऱ्याने घरीच राहावं.

हस्तातली फेरी यांच्या यादीत नाही, मी मागून घेतली. मालक म्हणाले, "बाई, आता काय दिसायचं नाही." मला नेमकं तेच बघायचं होतं. सड्यावरचं पाणी आटलं होतं, सीतेची आसवं आणि गेंदाची फुलं सुकायला लागली होती, खळग्यांत पोपडे. शेतात भात पोटऱ्यांतून पुढे गेलेलं, पण आवाज नाही. टाकीवरचे फेस गेलेले. मग मुलाने हिरण्यकेशी नदीच्या बाजूच्या एका ओढ्याला नेलं. तिथे दगडांच्या कपारीत, पाण्याच्या तुषारांत, रातबेडूक होते, मोठ्या डोळ्यांचे, सुरकुतल्या पाठीचे. हे ओढा सोडून फारसे कुठे जातच नाहीत. पावसाळ्यात सगळा डोंगर पाणथळ असतो तेव्हा यांच्याकडे कुणी बघत नाही, आणि डोंगर सुकल्यावर पाणथळ जागा उरते ती एवढीच. बघण्यासारखं कमी होतं हे खरं, पण तीन तासांत मला जेवढं कळलं तेवढं ऑगस्टात कळलं नव्हतं.

वर्गात एकदा सांगितलेलं मला ओढ्याकाठी आठवलं. अमेरिकेत रॉकी पर्वतात, आयडाहोमध्ये, ठिपकेवाल्या बेडकांवर असंच काम झालंय. ते उथळ तळ्यात अंडी घालतात, उन्हाळ्यात चरायला दुसऱ्या पाणवठ्यांवर जातात आणि थंडीत न गोठणाऱ्या खोल पाण्यात परततात. काही माद्या एवढ्यासाठी किलोमीटरभर चालतात. त्यांना बर्फ हाकलतं, आपल्याकडे कोरड. घर मात्र एक नसतं, दोन्हीकडे.

जाणार असाल तर काही गोष्टी. अंधार पडल्यावर स्वतःच्या गाडीने घाटरस्त्यावर फिरू नका. पावसाच्या रात्री बेडूक सड्याकडून शेताकडे, शेतातून झाडीकडे रस्ता ओलांडत असतात, आणि शनिवार-रविवारच्या सकाळी डांबरावर काय चिकटलेलं असतं ते मी पाहिलंय. चालत जाण्याच्या अंतरावर मुक्काम करा. गमबूट दुसऱ्या कुठल्या ओढ्यातून, तळ्यातून आणले असतील तर आधी घासून धुऊन पूर्ण वाळवा. बेडकांच्या कातडीला लागणारी कायट्रिड बुरशी उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांत आढळल्याचं २०१३ मध्येच प्रसिद्ध झालंय, आणि ती ओल्या बुटांवरून प्रवास करू शकते. यांच्या अंगणात बूट धुवायला नळ आहे, पण धुवा असं कुणी सांगत नाही. जळवांसाठी मीठ आणू नका, ते सांडतं तिथे बेडूक बसतो. लांब मोजे पुरतात. टॉर्च मंद असावा.

आरक्षण फोनवरच होतं आणि तिथे रेंज दुपारीच बरी असते. फोन केलात की दर विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा: त्या रात्री गटात किती जण आहेत, आणि वाट सड्यावरून आहे की वाडीतून. आकडा दहाच्या वर सांगितला तर पुढची रात्र घ्या, शक्यतो मंगळवार-बुधवार. आणि वहीवाला मुलगाच येणार का तेही विचारून घ्या, कारण गर्दीच्या दिवसांत ते दुसऱ्यालाही पाठवतात.